युद्धातल्या कुत्र्याचा पिक्चर गावात दाखवताना : कुत्रा वाचते, हे आधीच सांगून टाका

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. २६ जानेवारीला संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा लावून पहिल्या महायुद्धातल्या स्टबी कुत्र्यावरचा २०१८ चा कार्टून पिक्चर दाखवायचा आहे, पहिली ते आठवीची सत्तर-ऐंशी लेकरं येणार, सोबत आया, आजीआजोबा. अंगणवाडीच्या ताई म्हणतात की आधी सूचना द्या, त्यात लढाई आहे, कुत्र्याला लागते. मंडळाची पोरं म्हणतात की कार्टून तर आहे, खेड्यात कोणाला पाहिजे वॉर्निंग, हे शहरातले चोचले. आणि तुम्ही दोघांच्या मधात अडकले.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे, २२ वर्षं झाली. त्यातली १४ वर्षं महिन्यातून एकदा लेकरांना पिक्चर दाखवतो. सुरुवातीला घरची चादर आणि उसना प्रोजेक्टर होता, आता शाळेचा आहे. मी सेन्सॉरवाला नाही आणि मनाचा डॉक्टर तर नाहीच नाही, पण रडणारी लेकरं पुष्कळ पाहिली, त्यातली दोन-तीन माझ्याच चुकीनं रडली.

ताईंचं बरोबर आहे, पण अर्धं. सूचना द्यायची की नाही यावर तुमची भांडणं चालली, आणि माझ्या मते अडचण वेगळीच आहे. ती सूचना कोणाच्या कानावर पडते, कधी पडते, आणि ऐकल्यावर त्या माणसाला काही करता येते का, हे पाहावं लागते. पिक्चर सुरू होताना पडद्यावर 'यात युद्धाची दृश्ये आहेत' अशी पाटी चार सेकंद दाखवली, तर तोवर आजी नातवाला मांडीवर घेऊन मधल्या रांगेत बसलेली असते, तिला वाचता येत नाही, आलं तरी आजूबाजूच्या वीस लोकांना ओलांडून ती जाणार कुठं. अशी पाटी दाखवणं म्हणजे आपण आपले हात झटकून घेणं झालं.

आता सेन्सॉरच्या सर्टिफिकेटचं. लोक म्हणतात की सरकारनं वय लिहून दिलं ना, मग झालं. आपल्याकडं २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे, म्हणजे लेकरांनी मोठ्यांच्या देखरेखीत पाहायच्या पिक्चरचे, तीन भाग झाले, ७, १३ आणि १६ वर्षांवरचे, आणि ओटीटीवर तर २०२१ च्या नियमांपासून वयासोबत हिंसा, भाषा असं काहीतरी लिहिलेलं येते. चांगलंच आहे. या पिक्चरला अमेरिकेत पीजी मिळालं होतं, म्हणजे आईबापांनी जरा लक्ष द्यावं, आणि कारण दिलं होतं युद्धाची दृश्यं आणि काही गंभीर विषय. पण 'गंभीर विषय' यावरून तुमच्या गावातल्या कोणत्या लेकराला काय टोचणार हे मुंबईत बसलेल्यालाही कळत नाही आणि अमेरिकेत बसलेल्याला तर नाहीच. ते तुम्हालाच माहीत असते. ताईला तर सगळ्यात जास्त माहीत असते, म्हणून त्यांच्यासोबत बसा.

माझा अनुभव सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी मी एक कुत्र्याचा पिक्चर दाखवला, नाव नाही सांगत, त्यात शेवटी कुत्रा मरते. मला माहीत होतं, मी आधी पाहिला होता, पण मला वाटलं आधी सांगितलं तर मजा जाते. तिसरीतली एक पोरगी, तिचा कुत्रा महिनाभर आधी बिबट्यानं अंगणातून उचलून नेला होता. गावात ही काही मोठी बातमी नसते, त्यामुळे माझ्या डोक्यातही नव्हतं. ती पोरगी रडली नाही, चूप उठली, चप्पल हातात घेतली आणि अंधारात एकटीच घरी निघून गेली. दोन दिवस शाळेत आली नाही. मी घरी गेलो तर तिची आई म्हणाली, "सांगाचं होतं न सर, म्या तिले घरीच ठेवलं असतं." बस, एवढंच बोलली. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

तेव्हापासून माझा नियम झाला की जनावराचा पिक्चर असला की पहिली गोष्ट हीच सांगायची, ते जनावर जगते का मरते. कारण लेकरं काही विचारो न विचारो, त्यांच्या डोक्यात तेच चालू असते. बाजूला बसून पाहा कधी, पाच-पाच मिनिटांनी शर्ट ओढते आणि विचारते, "सर, हा मरते काजी?" तोफा, बंदुका, विमानं यांचं त्यांना काही वाटत नाही, उलट मजाच येते.

आता तुमच्यासाठी चांगली बातमी, स्टबी मरत नाही. आणि ही बनवलेली गोष्ट नाही, खरा कुत्रा होता. १९१७ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मैदानावर शिपायांची ट्रेनिंग चालू होती, तिथं हा बेवारस, आखूड शेपटीचा कुत्रा घुटमळायचा, रॉबर्ट कॉनरॉय नावाच्या शिपायाला त्याचा लळा लागला आणि त्यानं त्याला जहाजात लपवून फ्रान्सला नेलं. १८ महिने तो १०२ व्या इन्फंट्रीसोबत, म्हणजे पायदळाच्या तुकडीसोबत, खंदकात राहिला, १७ लढायांत होता असं सांगतात, एप्रिल १९१८ मध्ये हातगोळ्याचा तुकडा लागून पुढचा पाय जखमी झाला, बरा होऊन परत आघाडीवर गेला, आणि लढाई संपल्यावर कॉनरॉयसोबत घरी आला. १९२६ मध्ये गेला, आपल्या माणसाजवळ. एवढं सगळं आधी सांगून टाका, काही बिघडत नाही. मंडळाची पोरं म्हणतील की सस्पेन्स गेला. त्यांना म्हणा, रामलीलेत रावण मरणार हे कोणाला माहीत नसते? तरी रात्री दोन वाजेपर्यंत सतरंजीवर जागा भेटत नाही. उलट कुत्रा वाचणार हे माहीत असलं की लहान लेकरू जखमेचा सीन डोळे उघडे ठेवून पाहते, नाहीतर डोळे झाकून घेते आणि आवाजावरून त्याच्याहून भयंकर काहीतरी मनात रंगवते.

पण एक गोष्ट तुमच्या ताईंच्याही लक्षात आलेली दिसत नाही, आणि आपल्या भागात तीच मोठी आहे. गॅस. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी विषारी वायू सोडले, १९१५ मध्ये क्लोरीनपासून मोठं सत्र सुरू झालं आणि १९१७ मध्ये मस्टर्ड गॅस आला, त्यानं डोळे जायचे, अंगावर फोड यायचे, छाती भरून यायची. स्टबीलाही गॅसची बाधा झाली होती आणि नंतर तो वास ओळखून झोपलेल्या शिपायांना आधीच जागं करायचा, हीच तर त्याची खरी कामगिरी. त्यामुळे गॅसचा सीन या गोष्टीत येणारच, तो टाळता येत नाही.

आता २०१७ आठवा. त्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते, कोणाचे डोळे सुजलेले, कोणाला दिसेनासं झालेलं. त्याच हिवाळ्यात मी सातवीच्या पोरांना महायुद्धाचा धडा समजावा म्हणून जुनी फिल्म दाखवली, त्यात डोळ्याला पट्ट्या बांधलेले शिपाई एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत चालतात. एक पोरगा उठून बाहेर गेला. मला वाटलं लघवीला गेला. बऱ्याच वेळानं पाहिलं तर हापशीजवळ बसलेला, आणि मला म्हणते, "सर, माह्या बाबाले बी असंच नेलं होतं, हात धरून." त्याचा बाप वाचला, पण पोरानं पंधरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात काढलेले. मी इतिहास शिकवत होतो आणि त्याच्यासाठी तो इतिहास नव्हताच.

तुमची आताची लेकरं तेव्हा जन्मली नसतील किंवा बारकी असतील. पण फवारणी दर वर्षी होते, घरात उलट्या, चक्कर, गरगरणारे डोळे कोणी ना कोणी पाहिलेलं असते, आणि विष पिऊन गेलेला बाप किंवा काका ज्या घरात आहे ती घरं कोणती हे तर गावात सगळ्यांनाच माहीत आहे, फक्त बोलत नाही कोणी. म्हणून तुमच्या सूचनेत 'युद्धाची दृश्यं' हे शब्द नका वापरू, 'विषारी धूर सोडतात, शिपाई खोकलतात, मास्क लावतात' असं सरळ बोला. ज्याला त्रास होऊ शकते त्याच्या आईला हे वाक्य ऐकताबरोबर कळते, तिला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

इथं तुमचे मंडळवाले म्हणतील, आणि दर वेळी कोणीतरी म्हणतेच, की गावची लेकरं बकरं कापताना पाहतात, साप मारताना पाहतात, त्यांना कार्टूननं काय होते. अर्धं खरं आहे ते. रक्ताला ती घाबरत नाहीत, आणि या पिक्चरमध्ये रक्त तसंही फार नाही. पण तीच लेकरं म्हातारा बैल बाजारात न्यायला निघाला की काय करतात ते पाहा. ज्या बैलाला पोळ्याला आंघोळ घातली, शिंगं रंगवली, त्याचा दोर बापानं सोडला की पोरगं गोठ्यातून बाहेर येत नाही. बकऱ्याचं आणि बैलाचं त्याच्या मनात वेगवेगळं खातं असते, आणि कुत्रा बैलाच्या खात्यात. वरून पिक्चरमध्ये म्युझिक असते, ते बरोब्बर त्या जागेवर बोट ठेवते.

मग नेमकं काय करावं. हे गावावर, जागेवर, तुमच्या माणसांवर आहे, मी माझं सांगतो, त्यातलं जमेल ते घ्या.

आधी तुम्ही आणि ताई दोघांनी तो पूर्ण पाहा, मोबाइलवर नाही, आवाज मोठा करून. दीड तासाच्या आतला आहे. वही घेऊन बसा आणि कुठल्या मिनिटाला काय येते ते लिहा: धमाका, गॅस, कुत्र्याला लागते, शिपाई मरते, दोघांची ताटातूट होते. ताटातूट नक्की लिहा, ती सगळे विसरतात, पण पहिली-दुसरीच्या लेकरांना जखमेपेक्षा कुत्रा आणि मालक वेगळे झाले की जास्त लागते. आपल्याकडं ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात आणि लेकरू आजीजवळ राहते, त्यांचं तर विचारूच नका. जानेवारीत ती सगळी लेकरं तुमच्या पटांगणात असतील आणि आईबाप बाहेरगावी.

मग दोन दिवस आधी सूचना फिरवा. शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर तेच. मी असं काहीतरी बोलतो: "शुक्रवारी साडेसहाला शाळेत पिक्चर आहे, लढाईतल्या एका खऱ्या कुत्र्याचा. कुत्र्याच्या पायाला लागते, पण तो बरा होते, मरत नाही, शेवटी घरी येते. लढाईत काही शिपाई मरतात. एका ठिकाणी विषारी धूर सोडतात, माणसं खोकलतात. धमाक्यांचा आवाज मोठा आहे. बारक्या लेकरांना जवळ घेऊन बसा, कोणाला उठावं वाटलं तर कॅरमची खोली उघडी आहे." एवढंच. 'सावधान', 'कमजोर दिलवाल्यांनी येऊ नये' असलं काही बोललात तर आठवीची पोट्टी पहिल्या रांगेत येऊन बसतात आणि मागच्यांना भेवाडतात, हे मी करून पाहिलेलं आहे, हसू नका.

आणि चार-पाच घरं अशी असतील की त्यांना भोंग्यावर नाही, घरी जाऊन सांगायचं. ज्यांचा पोरगा फौजेत किंवा सीआरपीएफमध्ये आहे, ज्या घरातलं कोणी वर्दीत असताना वारलं, आणि वर सांगितली ती विषाची घरं. दारात उभं राहून दोन वाक्यं, "काकू, असा असा पिक्चर आहे, तुमच्या बबलूला पाठवायचं का ते तुम्ही पाहा." मी आजवर जितक्या घरी गेलो त्यातल्या बहुतेकांनी पाठवलंच, एकीनं तर स्वतः येऊन मागं बसून पाहिला. ठरवू त्यांनाच द्यायचं, आपण त्यांच्या वतीनं ठरवून 'त्याला नको बोलवू' असं केलं की ते त्या लेकराला वेगळं पाडणं होते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे त्याच पिक्चरबद्दल बोलतात.

कॅरमची खोली म्हणजे खरोखर खोली पाहिजे, दिवा लागलेला, एक मोठं माणूस बसलेलं. आणि तिथं जायला रस्ता पाहिजे, म्हणून सतरंज्यांच्या मधून वाट सोडा. माझ्याकडं दर वेळी सात-आठ लेकरं तिकडं जातात, त्यातली निम्मी फक्त कॅरम खेळायला, पण त्यामुळे बाकीच्यांना उठून जायची लाज वाटत नाही. म्हणून बंद करू नका कॅरम.

आवाज. भावा, हे मी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. गणपतीतले मोठे स्पीकर लावू नका. घरी टीव्हीवर जो धमाका नुसता 'धाड' वाटते तो डीजेच्या बॉक्सवर लावला की समोर बसलेल्या पाच वर्षांच्या लेकराच्या छातीत जाते, त्यात अंधार. पहिला धमाका व्हायच्या आधी आवाज थोडा उतरवा आणि कुत्र्याला लागते तेव्हाही, कारण कुत्र्याचं केकाटणं मोठ्या आवाजात मोठ्या माणसांनाही सहन होत नाही, आणि गावातली खरी कुत्री तिकडं भुंकायला लागतात ते वेगळंच. सीन पुढं ढकलू मात्र नका. मी एकदा ढकलला होता, तर मागची पोरं ओरडली "काय होतं, काय होतं", आणि दुसऱ्या दिवशी एकानं सगळ्यांना सांगितलं की त्यात मुंडकं उडवलं होतं म्हणून सरांनी कापलं. तसं काहीच नव्हतं. पॉज तर अजिबात करू नका, भीतीच्या जागेवर चित्र थांबलं की ते तिथंच डोक्यात बसते.

पिक्चर इंग्रजीत दाखवणार असाल तर माइकवर सांगणारा कोणीतरी लागेलच. तो माणूस नीट निवडा. क्रिकेटची कॉमेंट्री करणारा उत्साही पोट्टा दिला की "पडला रे बॉम्ब, गेला रे गेला" सुरू होते आणि तुमच्या सगळ्या सूचनेवर पाणी. म्हाताऱ्या आजीला कळेल असं हळू बोलणारं माणूस द्या, ताईच द्या, आणि जखमेच्या वेळी त्यांनी मधात एकदा म्हणायचं, "काही होत नाही त्याले, दवाखान्यात नेतात आता." एवढ्या एका वाक्यानं अख्खं पटांगण श्वास सोडते, खरं सांगतो.

२६ जानेवारी आहे म्हणून आणखी एक. सरपंच भाषणात 'देशासाठी प्राण देणारा कुत्रा' म्हणणार, त्यांना आधीच सांगा की याचे प्राण गेले नाहीत, नाहीतर तुम्ही दोन दिवस जे सांगितलं ते दोन मिनिटांत वाया. आणि पिक्चर झाल्यावर कोणीतरी हमखास मोबाइलमधून आपल्या फौजेतल्या झूम नावाच्या कुत्र्याचा व्हिडिओ लावायला निघते. झूमला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अनंतनागमध्ये दोन गोळ्या लागल्या आणि १३ तारखेला तो श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात गेला, पुढच्या प्रजासत्ताक दिनी त्याचा मरणोत्तर सन्मान झाला. २०२३ मध्ये राजौरीत केंट नावाची लॅब्राडॉर आपल्या हँडलरला, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या जवानाला, वाचवताना गेली. सांगायलाच पाहिजे हे लेकरांना, मीही वर्गात सांगतो. पण त्या रात्री नको, ज्यांना आत्ताच 'कुत्रा वाचते' म्हणून बसवलं त्यांना त्याच बैठकीत मेलेला कुत्रा दाखवणं म्हणजे शब्द मोडणं झालं. सोमवारी वर्गात घ्या, चौथीच्या वरच्यांना, आणि सुरुवातीलाच सांगा की यातले दोघंही गेले.

संपल्यावर लगेच लाइट लावा आणि पाच मिनिटं लेकरांशी बोला. 'कसा वाटला' विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात आणि पळतात. मी विचारतो, "हा कुत्रा आपल्या गावात आला असता तर कोणाच्या घरी राहिला असता?" मग जी भांडणं लागतात त्यात भीतीबिती सगळी निघून जाते. मोठी पोरं कधी विचारतात की मेल्यावर त्याचं काय केलं, तर खरं सांगा, त्याची कातडी जपून ठेवली आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये तो आहे. बारक्यांसमोर नका सांगू, आमच्या इथं एकीनं विचारलं होतं, "मंग त्याले थंडी नाही वाजत का?" आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पिक्चरची प्रत कुठून आणणार ते तुम्ही लिहिलं नाही. कोणाच्या मोबाइलवरचं ओटीटी घरच्यापुरतं असते, पटांगणात दाखवायला हक्कवाल्याची परवानगी लागते, ते आधी पाहून घ्या, ऐनवेळी पंचाईत नको. वेळ साडेसहाचीच ठेवा, जानेवारीत आठनंतर दव पडते आणि थंडीनं कुडकुडणारं लेकरू कशालाही रडते, मग तुम्हाला कळत नाही कशानं रडलं ते. आणि साउंडच्या रिमोटमध्ये नवीन सेल टाका, माझे मागच्या वर्षी नेमके पहिल्या धमाक्याला संपले होते.